क्षीरसागर साहेब सापडत नाहीत

“मॅडम, क्षीरसागर साहेब सापडून नाई राह्यले.”

गुरुवारी सकाळी मी डबा भरत होते आणि मिलिंदचा फोन आला. क्षीरसागर साहेब म्हणजे वर्ध्यातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाचे अध्यक्ष. निवृत्त वकील, पंच्याहत्तरी ओलांडलेली, रोज पहाटे एकटे फिरायला जायची सवय. माझ्या मनात नको नको ते आलं.

“कधीपासून? घरच्यांनी पोलिसात कळवलं का?”

मिलिंद म्हणाला, “घरीच आहेत जी ते. चहा पिऊन राह्यले असतील. कॉम्प्युटरमध्ये सापडून नाई राह्यले.”

मी खुर्चीत बसले. आधी हायसं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. कारण शनिवारी त्याच वाचनालयात आमच्या सॉफ्टवेअरचं उद्घाटन होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या. आणि उद्घाटक स्वतः क्षीरसागर साहेब होते. वाचनालयात कॉम्प्युटर आणायला त्यांचा वर्षभर विरोध होता. “पुस्तकं माणसानं शोधावीत, यंत्रानं नव्हे,” असं ते प्रत्येक सभेत म्हणायचे. मोठ्या मिनतवारीने राजी झाले होते. आता त्यांच्याच वाचनालयातला कॉम्प्युटर त्यांना सांगणार होता की तुम्ही इथले सभासदच नाही.

ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. राहायला वर्ध्यालगत सिंदी मेघेला. शिकवण्याखेरीज माझा आणखी एक उद्योग होता, त्याचे पैसे मिळत नसत आणि डोकेदुखी मात्र वेळेवर मिळे. ‘क्रमवार’ नावाचा एक ओपन सोर्स प्रोजेक्ट मी सांभाळत होते.

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, फुकट वाटता येतो असं सॉफ्टवेअर. ऐकायला फार छान. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की कुणीही येऊन तुमच्या स्वयंपाकघरात शिरतो, मिठाचा डबा हलवतो, आणि त्याला ‘काऊन हलवला’ म्हणायची सोय नसते.

‘क्रमवार’चं काम साधं होतं. देवनागरीतली नावं आणि शब्द वर्णमालेच्या क्रमाने लावायचे, आणि लावलेल्यातून हवं ते शोधून द्यायचं. तेव्हाच्या मशीनवर इंग्रजी नावं आपोआप ओळीत बसत. मराठी नावं मात्र कशीही सांडलेली असत. हे काम करणारा मूळ कोड मिलिंदने लिहिला.

मिलिंद थूल मूळचा अल्लीपूरचा. माझा विद्यार्थी. वर्ध्याला एका सरकारी ऑफिसात इंजिनिअर म्हणून लागला होता. बोलणं कमी, कोड नीटनेटका. त्याच्या प्रत्येक फाइलच्या वर ती फाइल काय करते ते दोन ओळींत लिहिलेलं असे, आणि खाली ती तेवढंच करे. त्याचाच बॅचमेट गोपाल चांडक. आर्वीचा. घरी तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान; याने त्याच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास काढला. बोलणं भरपूर, कोड जमेल तसा, पण चालणारा. हॉस्टेलमध्ये दोघं एका खोलीत राहिले होते. एकमेकांचे शर्ट घालायचे. कोडवरून भांडायला लागले ते नंतर.

त्यांच्या भांडणाचा विषय होता क्ष.

शाळेत आपण मुळाक्षरं शिकतो तेव्हा क्ष आणि ज्ञ अगदी शेवटी येतात, ळ च्याही मागे. मिलिंदने कोडमध्ये क्ष तिथेच ठेवला होता. वर्ध्याच्या वाचनालयातही तसंच होतं. पण गोपालचं गिऱ्हाईक वेगळं. आर्वीच्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत त्याने आमचंच सॉफ्टवेअर बसवलं होतं. तिथल्या बाईंनी त्याच्यासमोर हिंदी शब्दकोश उघडून ठेवला. हिंदीत क्ष म्हणजे क ला जोडलेला ष. त्यामुळे तो क च्या कुटुंबात, ख च्या आधी. “हमारे बच्चे क्ष वहीं ढूँढेंगे,” बाई म्हणाल्या. आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

गोपालने मिलिंदला मेल केला, की क्ष कुठे ठेवायचा ते ज्याचं त्याला ठरवता येईल अशी सोय कर. मिलिंदने उत्तर दिलं, ‘नंतर पाहू.’ गोपालने पुन्हा विचारलं. पुन्हा ‘नंतर पाहू.’ तिसऱ्यांदाही तेच. मग गोपालने सरळ फाइल उघडली आणि क्ष उचलून क मध्ये नेऊन ठेवला.

सगळा कोड कॉलेजच्या लॅबमधल्या एका मशीनवर असे. तिथे आपला बदल जमा करणं म्हणजे कमिट. कमिट करताना काय बदललं ते एका ओळीत लिहायचं असतं. त्या महिन्यातल्या ओळी मी अजून विसरलेले नाही.

गोपाल: ‘क्ष त्याच्या खऱ्या जागी नेला.’

मिलिंद: ‘क्ष परत आणला.’

गोपाल: ‘क्ष पुन्हा नेला. परत आणू नये.’

मिलिंद: ‘आणला.’

त्या महिन्यात वर्धा-आर्वी रस्त्यावर सगळ्यात जास्त प्रवास क्ष ने केला असेल. मी दोघांनाही मेल लिहून समज दिली. दोघांनी नम्रपणे ‘हो मॅडम’ लिहिलं आणि आपापलं चालू ठेवलं.

दुसरं भांडण बिल्डचं. आपण लिहितो तो कोड मशीनला तसाच्या तसा चालवता येत नाही. त्यातून चालणारा प्रोग्रॅम तयार करावा लागतो, त्याला बिल्ड म्हणतात. मिलिंद ते ‘मेक’ नावाच्या टूलने करायचा. मेक हुशार आहे. सगळं पहिल्यापासून करत बसत नाही. सकाळचा भात शिल्लक असेल तर पुन्हा कुकर लावत नाही, फक्त पोळ्या करतं. अट एकच, की कोणता पदार्थ कशापासून होतो ते त्याला मेकफाइल नावाच्या फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं.

त्या मेकफाइलची एक खोड आहे. काही ओळींची सुरुवात टॅबनेच झाली पाहिजे. टॅबऐवजी स्पेस दिल्या तर पडद्यावर अगदी तसंच दिसतं, पण मेक अडून बसतं. गोपालचा एकदा अख्खा रविवार त्यात गेला होता. तेव्हापासून त्याने मेकशी उभा दावा मांडला. “जे डोळ्याले दिसत नाई त्याच्यावर अडून बसते, असं टूल कायले पाहिजे जी?” असं म्हणून त्याने स्वतःची बिल्ड स्क्रिप्ट लिहिली. तिचं नाव ‘रगडा’. रगडा काही हुशारी करत नसे. जुनं सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून सगळं नव्याने करायचं, बस. वेळ खूप लागे. मिलिंद म्हणायचा, “हे टूल नाई, हा राग आहे.”

तर गुरुवारी सकाळी मी कॉलेजला फोन करून पहिला तास पुढे ढकलला आणि स्कूटर वाचनालयाकडे वळवली.

मिलिंद ऑफिसला दांडी मारून तिथे आलेला होता. शेजारी ग्रंथपाल मंदाताई. सगळ्या सभासदांची नावं त्यांनीच टाइप केली होती, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू साहेबांना त्यांनीच कुठेतरी हरवलं. मी त्यांना म्हटलं, “तुम्ही काही केलेलं नाही. आधी बघू तर खरं.”

मी ‘क्षीरसागर’ टाइप केलं. उत्तर आलं: ‘सापडले नाहीत.’

‘क्षीर’ एवढंच टाकलं. ‘सापडले नाहीत.’ इंगोले सापडले. वानखेडे भरपूर सापडले. मी स्वतः सापडले, थकलेल्या वर्गणीसकट.

पहिली शंका अशी, की टाइप करताना क्ष वेगळ्या पद्धतीने पडला असेल. तसं नव्हतं. दुसरी शंका, नाव मुळात शिरलंच नसेल. म्हणून सगळ्या सभासदांची यादी पडद्यावर काढली. सगळ्यात शेवटी, ज्ञ चं कुणीच नसल्यामुळे अगदी तळाला, क्षीरसागर साहेब व्यवस्थित बसलेले होते. पत्त्यासकट.

“म्हणजे आहेत,” मंदाताई म्हणाल्या.

“आहेत. पण शोधणाऱ्याला दिसत नाहीत.”

हे कसं होतं ते सांगते. कॉम्प्युटर नाव शोधताना पहिल्यापासून एकेक बघत नाही. तो यादी मधोमध उघडतो. हवं ते नाव आधी येणार की नंतर, ते ठरवतो, आणि उरलेली अर्धी सोडून देतो. मग पुन्हा मधोमध. आपण शब्दकोशात शब्द शोधतो तसंच. पण त्यासाठी यादी लावणाऱ्याचा क्रम आणि शोधणाऱ्याचा क्रम एकच असावा लागतो. आमच्याकडे यादी लावणारा एक प्रोग्रॅम होता आणि शोधणारा दुसरा. लावणाऱ्याने साहेबांना शेवटच्या बाकावर बसवलं होतं. शोधणारा त्यांना क च्या बाकाखाली हुडकत होता.

पण दोन्ही प्रोग्रॅम क्रमाची माहिती एकाच सामाईक फाइलमधून घेत होते. मग दोघांचं मत वेगळं कसं झालं?

मी कमिटच्या ओळी बघितल्या. सगळ्यात वर मंगळवारची ओळ. गोपाल: ‘क्ष अखेरचा एकदा क मध्ये नेला. आता विषय संपला. शिवाय शुद्धलेखन.’ मिलिंद सोमवार-मंगळवार ऑफिसच्या कामाने बाहेर साइटवर होता, त्याने ती ओळ वाचलीच नव्हती. बुधवारी त्याने ताजा कोड उतरवून घेतला, मेक चालवलं आणि वाचनालयात आणून बसवला.

“शुद्धलेखन काय आहे हे?” मी विचारलं.

मिलिंदने फाइल उघडली. शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पूर्वी ‘सापडला नाही’ असा संदेश होता. बाई सभासद असेल तर ते बरं दिसत नाही, म्हणून गोपालने तो ‘सापडले नाहीत’ असा आदरार्थी केला होता. एवढी एक ओळ बदलली म्हणून मेकने शोधणारा प्रोग्रॅम नव्याने तयार केला, आणि त्यात नवा क्रम शिरला. यादी लावणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलला मात्र कुणी हात लावला नव्हता. मेकने तो सकाळच्या भातासारखा तसाच वाढला. त्यात जुना क्रम.

“पण क्रमाची फाइल बदलली तर दोन्ही नव्याने व्हायला हवेत,” मी म्हटलं. “मेकफाइलमध्ये लिहिलं असेल ना?”

मिलिंद मेकफाइलकडे बघत राहिला. मान खाली घालून म्हणाला, “राह्यलं जी लिहाचं.”

म्हणजे हिशेब बरोबरीत होता. गोपालने न सांगता सामाईक फाइल बदलली, आणि मिलिंदच्या मेकफाइलमध्ये एक ओळ कमी होती. दोघांपैकी एकानेही आपलं काम पूर्ण केलं असतं तर साहेब हरवले नसते.

मशीनपुरतं बघायचं तर इलाज सोपा होता. सगळं पुसून नव्याने बिल्ड करायचं. मी करून पाहिलं. साहेब क्षणात सापडले. मिलिंदने सुस्कारा सोडला. पण मंदाताई यादी बघून म्हणाल्या, “मॅडम, हे तर कुंभारे आणि खडसेंच्या मधात आले. आमचं क्ष चं खण शेवटी आहे.” कपाटांत पुस्तकांची आणि सभासदांची कार्डं होती, लाकडी खणांत, मराठी क्रमाने. कॉम्प्युटर सांगणार एक आणि खण दाखवणार दुसरं.

“मग गोपालचा बदल काढतो,” मिलिंद म्हणाला आणि त्याने कीबोर्ड पुढे ओढला.

“थांब. तो काढलास तर आर्वीच्या शाळेचं बिघडेल.”

“त्याच्या शाळेचं त्यानं पाहावं.”

“मिलिंद, लायसन्सवर काय लिहिलंय? कुणीही बदलू शकतो. तूच निवडलंस ते लायसन्स.”

“बदलू दे ना. मी कुठं नाई म्हटलं?” त्याने कीबोर्ड मागे सारला. मग म्हणाला, “पण मले सांगाले काय झालं त्याले? एका ताटात जेवलो आम्ही. मले कमिटच्या ओळीतून समजते, का क्ष नेला म्हणून?”

त्याच दुपारी गोपालचा मेल आला. मला एकटीला नाही, मेलिंग लिस्टवर, म्हणजे प्रोजेक्टशी संबंध असलेल्या सगळ्यांना. त्यात लिहिलं होतं की आपल्या सूचनांना इथे कुणी विचारत नाही, म्हणून आपण फोर्क करत आहोत. फोर्क म्हणजे तोच कोड घेऊन वेगळी चूल मांडणं. ‘क्रमवार-आर्वी’ असं नावही ठरलं होतं. रगडा त्यात असेल, मेक नसेल.

कायद्याने त्यात काही गैर नव्हतं. पण दोन चुली झाल्या असत्या तर दोन्हीकडे जळण पुरलं नसतं, हे मला दिसत होतं. मिलिंदशिवाय गोपालचा कोड वर्षभरात गुंत्यात गेला असता. गोपालशिवाय मिलिंदचा कोड नीटनेटका राहिला असता आणि कुणीच वापरला नसता. वाचनालयाला मिलिंदचं नाव सुचवलं होतं ते गोपालनेच. आजवर जिथे जिथे ते सॉफ्टवेअर बसलं, तिथे तिथे गोपाल बोलून आला होता.

मी आर्वीला फोन लावला.

“गोपाल, उद्या सकाळच्या गाडीने वर्ध्याला ये.”

“मॅडम, आता कायले येऊ? मी वेगळा झालो ना.”

“वेगळा हो. पण क्षीरसागर साहेब सापडत नाहीत आणि त्यात तुझा अर्धा हात आहे.”

“अरे बाप रे. घरून निघून गेले का?”

मी त्याला सगळं सांगितलं. मेकफाइलमधल्या ओळीचं सांगितलं तेव्हा फोनवरसुद्धा त्याचा आनंद ऐकू आला. “मी म्हनतच होतो! रगडा राह्यला असता तर हे झालंच नसतं.”

“ते खरंय. आणि तू फोन केला असतास तरी झालं नसतं.”

तो येतो म्हणाला.

शुक्रवारी गोपाल डेपोतून थेट वाचनालयात आला. हातात ‘क्रमवार-आर्वी’ची सीडी, वर मार्करने नाव. मिलिंदने त्याच्याकडे बघितलं नाही. गोपालने मंदाताईंना नमस्कार केला, मला केला, आणि कपाटाकडे बघत म्हणाला, “काही लोकं मेकफाइल पूर्ण लिहीत नाईत, असं समजलं.”

मिलिंद कपाटाकडेच बघत म्हणाला, “काही लोकं दुसऱ्याच्या फाइलीत हात घालतात, असंही समजलं.”

“दुसऱ्याची कुठून आली? सामाईक आहे ते.”

“सामाईक म्हंजे विचारून.”

“विचारलं होतं ना बे! किती खेपा विचारलं. तू गावचा मालगुजार आहे का?”

आवाज चढायला लागले. वाचनकक्षातल्या दोघातिघांनी पेपर खाली केले. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. क्षीरसागर साहेब. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. उद्याच्या खुर्च्या नीट मांडल्यात का ते बघायला आले होते. धोतर, कोट, आणि भाषा अशी की स्वल्पविरामसुद्धा ऐकू यावा.

“काय प्रकरण आहे?”

दोघांनी माझ्याकडे बघितलं. शेवटी मीच सांगितलं. क्ष, दोन क्रम, एक लावणारा, एक शोधणारा. ते काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. माझं सांगून झाल्यावर म्हणाले, “थोडक्यात, माझी खुर्ची एका मंडपात मांडली आणि मला बोलावणं दुसऱ्या मंडपात धाडलं.”

“तसंच, साहेब.”

मग त्यांनी गोपालकडे वळून उलटतपासणी सुरू केली. कोट अंगात होताच.

“बदल करण्यापूर्वी आपण यांना विचारलं होतं, की नव्हतं?”

“विचारलं होतं साहेब. तीनदा. मेल आहेत माह्याजवळ.”

ते मिलिंदकडे वळले. “आपण नकार दिलात?”

“नाई साहेब. मी ‘नाई’ कधीच म्हटलं नाई. ‘नंतर पाहू’ म्हटलं.”

“हं,” साहेब म्हणाले. “आमच्या कोर्टात त्याला तारीख म्हणत. तारखांवर तारखा पडल्या की पक्षकार कोर्टाबाहेर उद्योग करतो. ते बेकायदा असतं, पण त्याला तिथवर आणतो कोण?”

गोपालच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. साहेबांनी ते तिथेच अडवलं. “आपण हसू नका. निकाल लागेपर्यंत दुसऱ्याच्या शेतात नांगर घालायचा नसतो.”

मला वाटलं, आता ते क्ष कुठे असावा यावर व्याख्यान देणार. मराठीच्या बाबतीत ते फार कडक. पाटीवरच्या वेलांटीवरून दुकानदाराशी भांडणारे. मिलिंदलाही तीच आशा होती. त्याने हळूच विचारलं, “साहेब, मराठीत क्ष शेवटीच येते ना?”

“येतो. शेवटीच येतो.” साहेब खुर्चीत बसले. मग जरा थांबून म्हणाले, “शाळेत हजेरी व्हायची. माझं नाव सगळ्यात शेवटी. तोवर मास्तरांचं लक्ष उडालेलं. कितीदा तरी मी हजर असून गैरहजर लागलो. बक्षीस समारंभात माझ्या वेळेला पाहुणे निघून गेलेले असत. सनद मिळाली त्या दिवशीसुद्धा शेवटचा मीच.” त्यांनी इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. “हिंदी पद्धतीने मी क मध्ये येतो म्हणता?”

“हो साहेब,” गोपाल उत्साहाने म्हणाला. “कुंभारेच्या मागं, खडसेच्या पुढं.”

“वाईट नाही,” साहेब म्हणाले.

मिलिंदचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी मंदाताईंकडे बघितलं, कारण हसू दाबायला मला दुसरी दिशा नव्हती. मंदाताई मात्र हसत नव्हत्या.

“साहेब, खण हलवावे लागतील,” त्या म्हणाल्या. “क्ष चे सगळे कार्डं काढून क च्या मागं लावाचे म्हंजे ख पासून सगळं सरकवा लागते. उद्या कार्यक्रम आहे. आणि मी एकटी आहे.”

साहेबांनी कपाटाकडे बघितलं, मंदाताईंकडे बघितलं, आणि खटला हरलेल्या वकिलासारखी मान हलवली. “राहू द्या. जिथे आहे तिथेच बरा आहे मी.”

ते खुर्च्या बघायला निघून गेले. मग मिलिंदने एक खुर्ची ओढून स्वतःच्या बाजूला ठेवली आणि गोपालकडे न बघता म्हणाला, “बस. सोय करून टाकू. क्रमाची फाइल बाहेर काढतो. ज्याले जो क्रम पाहिजे त्यानं तो निवडावा.”

गोपाल लगेच बसला नाही. “आणि पुन्हा गडबड झाली तर? लावणारा एक निवडन आन शोधणारा दुसरा?”

मिलिंदने विचार केला. “यादी लावतानाच तिच्या माथ्यावर लिहून ठेवू, कोणत्या क्रमानं लावली ते. शोधणारा आधी ते तपासन. जुळलं नाई तर शोधाले जाणारच नाई, सरळ सांगन.”

“हे बरं आहे बे,” गोपाल म्हणाला आणि बसला.

मी कॉलेजला गेले, दोन तास घेतले आणि परत आले, तेव्हा ते अजून तसेच बसलेले होते. मिलिंद टाइप करत होता आणि गोपाल मागून चुका दाखवत होता. नवा वाद चालू होता. निवडीच्या फाइलचं नाव ‘पसंती’ ठेवायचं की ‘क्रम’. मी म्हटलं, ‘पसंती’. मिलिंद नाराज झाला. बिल्डचाही निकाल मीच दिला. रोजच्या कामाला मेक, आणि मिलिंदने राहिलेली ओळ आजच्या आज लिहायची. कुठेही नवीन बसवायचं असेल तर मात्र आधी रगडा चालवायचा. कितीही वेळ लागो. दोघांपैकी कुणालाच हे पूर्ण आवडलं नाही, त्यावरून मला वाटलं की बरोबर असावं.

शनिवारी कार्यक्रम झाला. भाषणं नेहमीसारखी लांबली. शेवटी क्षीरसागर साहेब कॉम्प्युटरसमोर बसले, आणि मंदाताईंनी दाखवल्याप्रमाणे एकेका बोटाने स्वतःचं आडनाव टाइप केलं. मिलिंद आणि गोपाल भिंतीला टेकून उभे होते, श्वास रोखून. नाव आलं. पत्ता आला. वाचायला नेऊन परत न केलेल्या एका पुस्तकाचं नावही आलं, तारखेसकट. ही सोय गोपालने घातलेली होती आणि ती अशी भर सभेत उपयोगी पडेल याची कुणालाच कल्पना नव्हती.

हॉलमध्ये हशा पिकला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माइकवर म्हणाले, “यंत्र प्रामाणिक आहे, एवढं मान्य करतो.” सोमवारी पुस्तक परत आलं.

गोपालने लिस्टवर दुसरा मेल टाकला: ‘वेगळा होत नाही. ज्यांनी सीडी मागितली होती त्यांनी तीच वापरावी, आत नवीन कोड टाकून देतो.’ सीडी एकानेच मागितली होती, हे मला नंतर कळलं. त्याच्याच मोठ्या भावाने, दुकानात लावायला. आर्वीच्या शाळेत क्ष क मध्ये राहिला, वर्ध्यात शेवटी. कुणाचं काही अडलं नाही.

पुढे वर्षभराने एका अनोळखी माणसाचा पॅच आला. पॅच म्हणजे बाहेरच्याने सुचवलेला तयार बदल. तो नेपाळीसाठी काम करत होता. त्यांच्याकडे क्ष आणि ज्ञ च्या जोडीला त्र सुद्धा शेवटी धरतात, तेवढा एक क्रम आत घ्यावा, अशी त्याची विनंती होती. बदल छोटा होता, स्वच्छ होता, आणि तो आधी विचारत होता.

मिलिंदने उत्तर लिहिलं: ‘गरज वाटत नाही. नंतर पाहू.’

त्याच्या पाठोपाठ गोपालचं: ‘मिलिंदशी सहमत.’

प्रोजेक्टच्या सगळ्या आयुष्यात त्या दोघांचं पहिल्यांदाच लेखी एकमत झालं होतं. मी तो मेल कौतुकाने पुन्हा एकदा वाचला आणि पॅच मंजूर करून टाकला. दोघांचेही फोन आले, एकापाठोपाठ एक. दोघांची तक्रार एकच होती: मॅडम, आम्हाला विचारलं काऊन नाई?

मी म्हटलं, त्याने विचारलं होतं. तुम्ही तारीख दिलीत.

निवृत्त होईपर्यंत दरवर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला मी मुलांना एवढंच सांगत आले. सामाईक फाइल बदलायची असेल तर आधी फोन करा. आणि तुम्हाला असा फोन आला, तर हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण त्याच दिवशी म्हणा. बाकी सगळं पुस्तकात आहे.